कापसाच्या खोलीतलं पिल्लू

तुमच्या नव्या पिल्लानं गालिच्यावर पुन्हा घाण केली आणि तुमची आई त्याच्यावर खूप रागावली, असं परवा तुम्ही फोनवर सांगितलंत. मला हसू आलं. तुमची आई शाळेत होती तेव्हा नेरच्या आमच्या घरी तिनंही असंच एक पिल्लू आणलं होतं. ती हकिकत तिनं तुम्हाला सांगितलेली दिसत नाही, म्हणून मी लिहिते.

ती कापसाची वाईट वर्षं होती. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव दिसलं की वाचण्याआधीच मन धसकायचं. भाव पडलेला, म्हणून आज ना उद्या चढेल या आशेवर लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. आमची मधली खोलीही आढ्यापर्यंत भरली होती. आम्ही त्या गंजीला टेकून जेवायचो आणि मग तासभर अंग खाजवत बसायचो. देवही त्याच खोलीत, कोनाड्यात होते. शेत बटाईनं करायची ती तांड्यावरची एक बाई, त्यामुळे कापूस अर्धा तिचा, अर्धा आमचा. वेचणीच्या दिवसांत तिच्या कुत्रीचं एक पिल्लू तुमच्या आईनं ओढणीत गुंडाळून घरी आणलं.

पहिल्याच दिवशी ते गंजीच्या पायथ्याशी मुतलं. कापूस भिजला की पिवळा पडतो, आणि पिवळ्या कापसाला बाजारात कोणी हात लावत नाही. ओला कापूस निवडून आम्ही उन्हात टाकला. तेवढ्यात ती बाई आली.

"अर्धा माहा, अर्धा तुमचा," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आता यानं कोणाच्या हिश्शावर मुतलं, ते कसं सांगाव वो बाई?"

सगळे हसले. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमची पणजी, हसल्या नाहीत. "लक्ष्मी रचली हाये तिथं. देव हायेत. अजून एकदा कापूस ओला झाला, त याले तांड्यावर वापस धाडीन. मंग रडत बसजो," असं त्यांनी तुमच्या आईला बजावलं. त्या बोलत तसं करत. तुमच्या आईला भाऊ नाही, बहीण नाही. ती वह्यापुस्तकं घेऊन गंजीसमोर पहाऱ्याला बसू लागली.

मी कॉलेजात इंग्रजीतून शिकलेली, शिस्तीची. कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं, की पिल्लाला झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्यावं. मी ते नेमानं केलं. पिल्लू अंगणभर नाक फिरवी, गोंधळल्यासारखं उभं राही, आणि घरात आलं की सरळ गंजीच्या त्याच कोपऱ्याकडे धावे. तुमची आई त्याला कसंबसं उचलून घेई, तोवर अर्धं काम जमिनीवर झालेलं असे; कापूस तेवढा वाचे. ती जागा मी गरम पाण्यानं आणि फिनाइलनं घासत असे. मला तिथं काही म्हणता काही वास येत नसे. माझं झालं की सासूबाई शेजारच्या गाईचं गोमूत्र वाटीत घेऊन येत आणि तुळशीच्या पानानं कोपऱ्यात शिंपडत. जागा शुद्ध झाली, की घराला पुन्हा घरपण येई.

अशातच कुण्या लांबच्या भाऊबंदाचं सुतक आलं. त्यांना आमच्यापैकी कोणी पाहिलंही नव्हतं, पण सुतक ते सुतक. ते फिटलं त्या सकाळी न्हाणीधुणी झाली आणि सासूबाईंनी घरभर गोमूत्र शिंपडलं. ओसरीवर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, तुमच्या आजोबांच्या खुर्चीखाली सुद्धा.

पिल्लू झोपून उठलं. त्यानं नाक वर केलं. मग ते ओसरीवर गेलं आणि पाय फाकवून बसलं. तिथून उंबऱ्यावर. तिथून आजोबांच्या खुर्चीखाली. जिथं जिथं शिंतोडा पडला होता तिथं तिथं त्यानं आपलं थोडं थोडं ठेवलं. जिथं ते आजवर कधी फिरकलंही नव्हतं, तिथंसुद्धा.

"अवो, हे काय सुरू हाये?" आजोबा पाय वर घेऊन ओरडले.

मी फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. तुम्हाला कसं सांगू, त्या क्षणी मला काय वाटलं! ज्या घरात मी इतकी वर्षं वावरत होते, त्या घरात आणखी एक घर होतं, आणि ते मला कधी दिसलंच नव्हतं. पिल्लू हट्टी नव्हतं, विसराळू तर नव्हतंच. आम्ही रोज गोमूत्र शिंपडून त्याला त्याच्याच, वासाच्या भाषेत सांगत होतो, की बाबा, जागा इथं आहे. आणि बाहेर? बाहेर रोज सकाळी सडा-सारवण करून आम्ही त्याची प्रत्येक खूण शेणाखाली पुसत होतो.

तुमची आईही ते बघत होती. "आजी, तूच त्याला बोलावतेस!" ती म्हणाली.

"गोमूत्राले नावं ठेवते? शाळेत हेच शिकवतात काय तुले?"

"नावं कोणी ठेवत नाही," मी सासूबाईंना म्हटलं. "आई, फक्त एकदा मागच्या कडुनिंबाखाली शिंपडून पाहा. तिथं आपण सारवत नाही."

मला वाटलं नव्हतं त्या ऐकतील. त्या उठल्या, वाटी घेऊन मागच्या दारानं गेल्या आणि झाडाच्या बुंध्याशी त्यांनी पान झटकलं. पिल्लू मागोमाग गेलं. त्यानं माती हुंगली, एक गिरकी घेतली आणि बसलं. सासूबाई कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

"आपल्याले न दिसणारं याले दिसून राह्यलं वो," त्या हळूच म्हणाल्या.

तेव्हापासून घरात त्यांनी गंगाजलाचे दोन थेंब शिंपडावेत आणि गोमूत्र निंबाखाली, असं ठरलं. पिल्लू निंबाखाली जाऊ लागलं. तरी त्यांनी शब्द मागे घेतला नव्हता. "गंजीखालच्या जमिनीत पहिलं मुरलं असंन," त्या म्हणत. "कापूस हलला का खरं समजंन. तिथं बसलं, त कापसाच्याच गाडीत याले बसवून देईन."

भाव काही चढला नाही. शेवटी तांड्यावरची बाई गाडी घेऊन आली आणि कापूस भरला गेला. मधली खोली एकदम मोठी आणि उदास झाली; आमचे आवाज घुमू लागले. जमिनीवर जुने डाग दिसत होते. बाई दारात थांबली. "नेऊ का मंग पिल्लू?" तिनं विचारलं. तुमच्या आईनं माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

पिल्लू आत आलं. डागांपाशी जाऊन त्यानं नाक टेकवलं. एकेक डाग त्यानं सावकाश हुंगला, जणू खाली अजून कोणी बोलत होतं आणि ते ऐकत होतं. त्याची शेपटी ताठ झाली. मग त्यानं मान वर केली, आमच्यामधून वाट काढत ते मागच्या दाराशी गेलं आणि बंद दारासमोर उभं राहून कुईं करू लागलं.

सासूबाई भिंतीला हात टेकून उठल्या, आणि जाऊन त्यांनी कडी काढली.