भाडं विचारणारी ताई

आमच्या ऑफिसात महागाई मोजतात. कोणी भाजीबाजारात भाव विचारत फिरतं, कोणी औषधांच्या दुकानांत. ताईकडे घरभाडी होती. ठरवून दिलेली छत्तीस घरं; दर सहा महिन्यांनी त्याच घरांत जायचं, भाडं विचारायचं, फॉर्म भरायचा. घर बदलायचं नाही, नाहीतर भाडं वाढलं की घरच मोठं घेतलं, हे कळणार कसं? पंधरा वर्षं ती हे करत होती. वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा तिला ताईच म्हणायचे.

त्या छत्तीसांत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरची एक खोली होती. तिथे पुस्तकं बांधणारे एक काका एकटेच राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. खोलीत खाटेपेक्षा जास्त जागा पुस्तकं दाबायच्या लोखंडी प्रेसनेच खाल्ली होती. दार उघडलं की खळीचा वास यायचा. त्यांचं भाडं अकरा वर्षांत वाढलं नव्हतं. जुना मालक भिडस्त होता. तो वारल्यावर खोली मुलाकडे आली, पण भाडं परस्पर बँकेत जमा व्हायचं आणि मुलाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"भाडं तेच," काका दर वेळी सांगायचे. "दमा तेवढा वाढलाय. त्याचा रकाना आहे का तुमच्याकडे?"

एका फेरीत खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, काकांच्या दम्याने उचल खाल्ली, त्यांना हॉस्पिटलात ठेवलंय. भाडेकरू भेटला नाही तर मालकाला विचारायचं, असा आमचा नियम. फॉर्म द्यायला दोनच दिवस उरले होते, म्हणून ताईने मालकाच्या मुलाला त्याच्या टायरच्या दुकानात गाठलं. त्याने फोनमध्ये बघून आकडा सांगितला आणि सहज विचारलं, बाकीचे किती घेतात हो?

एकाचा आकडा दुसऱ्याला सांगायचा नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. तिने सांगितलाही नाही. फॉर्म पिशवीत ठेवता ठेवता ती हसत म्हणाली, "ते नाही सांगता येणार. पण एवढ्या भाड्यात हल्ली सायकल ठेवायलासुद्धा जागा मिळत नाही."

तोही हसला.

सहा महिन्यांनी त्या खोलीचं दार एका तरुण बाईने उघडलं. कडेवर मूल, भिंतींना नवा रंग. काका हॉस्पिटलात असतानाच मालकाच्या मुलाने खोली रिकामी करून घेतली होती. भाडं जवळजवळ तिप्पट. ताईने ते लिहिलं. साहेबांनी आकडा पुन्हा तपासायला लावला, आणि तो बरोबर निघाल्यावर म्हणाले, चला, हे अडकलेलं घर एकदाचं हललं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या यादीत खोली असते, माणूस नसतो.

त्या दुपारी ताई डबा न उघडता बसून राहिली. मी शेजारच्या टेबलावर होते. सायकलचं ते बोलणं तिने मला तेव्हा सांगितलं. मी म्हटलं, त्याला आज ना उद्या कळलंच असतं.

"उद्या कळलं असतं तर काका घरी असते," ती म्हणाली. "भांडले तरी असते."

शेजारणीकडून काकांचा पत्ता मिळाला. ते मुलीकडे होते. ताईला एकटीने जायचा धीर होईना, म्हणून रविवारी मी सोबत गेले. दोन खोल्यांत पाच माणसं. काकांची खाट मधल्या बोळकांडीत, इतकी आडवी की बाथरूमला जाणारा प्रत्येक जण त्यांच्या पायांना लागून जायचा. प्रेस भंगारात गेला होता. मुलीने ते आम्हाला बाजूला नेऊन हळूच सांगितलं. बाई वाईट नव्हती, दमलेली होती.

ताईने काकांना सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, ते एक वाक्यही नाही. काका धापा टाकत ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "आता किती घेतो?"

ताईने माझ्याकडे पाहिलं, आणि आकडा सांगून टाकला.

काकांनी तो स्वतःशी पुटपुटून पाहिला. "म्हणजे मी जवळजवळ फुकटच राहत होतो की," ते म्हणाले. आवाजात ओशाळलेपण होतं, जणू चूक त्यांचीच होती. ताई काही बोलायला गेली, तोवर त्यांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. आम्ही निघालो.

दोन महिन्यांत काका गेले. ताईने भाड्यांचं काम बदलून मागितलं. साहेब म्हणाले, ही घरं तुमच्याइतकी कोणाला माहीत आहेत? अर्ज तिथेच पडून राहिला. रिटायर होईपर्यंत ती आणखी चार वर्षं त्याच छत्तीस घरांत जात राहिली. त्या खोलीचं भाडं तेवढ्यात अजून दोनदा वाढलं. दोन्ही वेळा तिने ते नीट लिहिलं.