थांब म्हणणारं कुणीतरी

पाचगणीच्या त्या खोलीत भर दुपारी धुकं शिरलं होतं. माझी धाकटी बहीण मीरा खिडकीपाशी मोबाइलवर काहीतरी वाचत होती. कित्येक महिन्यांनी तिचा चेहरा शांत दिसला आणि त्या शांतपणाचीच मला भीती वाटली.

मी शेजारी जाऊन बसले. स्क्रीनवर अनोळखी माणसांचा कुठलासा गट होता. मीरानं तिथं लिहिलं होतं, आता जगायचं नाही. खाली कितीतरी उत्तरं होती, सगळी मऊ, मायेची. तुझा निर्णय आम्हाला समजतो, असं सांगणारी. जेवलीस का, जवळ कोण आहे, हे एकानंही विचारलं नव्हतं.

"ताई, इथं मला कुणी नावं ठेवत नाही गं."

"पण थांब असंही कुणी म्हणत नाही, मीरा. मी म्हणते. थांब."

ती रडली, लहानपणी रडायची तशी, मोठ्यानं. तिला टॅक्सीनं डॉक्टरांकडे नेताना घाटात धुकं इतकं दाट होतं की जग पुसून गेल्यासारखं वाटत होतं. खरा होता तो फक्त माझ्या खांद्यावरचा तिच्या डोक्याचा भार.

उपचार अजून चालू आहेत. हल्ली ती माझ्याशी कडाकडा भांडते. मी ऐकत राहते.