पहिली ‘ब’ मधली प्रायोजक

गावातले निम्मे म्हातारे त्याच्या दातांनी हसायचे, आणि त्यातल्या एकानंही त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. दाताच्या दवाखान्यामागच्या तळघरात बसून तो कवळ्या बनवायचा. वर डॉक्टर तोंडाचं माप घ्यायचे, ते प्लास्टरचा साचा होऊन खाली यायचं, आणि हा मेणात एकेक दात रोवत, गुलाबी हिरड्या घासत बसायचा. वय एक्केचाळीस, अंगानं बुटका, चष्म्यावर कायम पांढरी भुकटी. घरीदारी सगळे त्याला कवळीवालाच म्हणत. त्याला माणसं चेहऱ्यावरून नाही, दातांवरून आठवायची. टीव्हीवर एखादे पुढारी भाषणाला उभे राहिले, की हा आईला सांगे, "खालची उजवी बाजू सैल आहे. त्यांनी ‘स’ टाळलेला बरा."

आठ वर्षांपूर्वी तो परदेशातल्या एका मोठ्या कवळ्यांच्या कारखान्यात करारावर गेला होता. तिथे डॉक्टरांनी पाठदुखीसाठी पोहायला सांगितलं. पहिल्याच दिवशी हा तलावाच्या खोल बाजूला उतरला आणि दगडासारखा तळाशी गेला. शिकवणाऱ्या बाईनं त्याला काखेत हात घालून वर काढलं, काठावर पालथं घातलं आणि विचारलं, "पोहता येत नाही हे आधी सांगायला तोंड नव्हतं का?" पुढची अडीच वर्षं दोघं तिच्या भाड्याच्या दोन खोल्यांत एकत्र राहिली. तो तिला मास्तरीण म्हणायचा. तिथेच त्यांना मुलगी झाली. जन्मल्यापासून ती बोटानं प्रत्येक वस्तू वाजवून बघायची, म्हणून तिचं नाव पडलं टिचकी.

टिचकी दीड वर्षाची असताना इकडे गावी त्याची आई बाथरूममध्ये पडली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. तीन महिन्यांत परत येतो सांगून कवळीवाला निघाला. तीन महिन्यांचं वर्ष झालं, तिकडचा करार आणि परवाना दोन्ही संपले, आणि आईला सोडून जाणं काही जमलं नाही. मास्तरीण मुलीला घेऊन दोनदा पाहुण्यांच्या व्हिसावर साठ-साठ दिवस येऊन गेली. तिसऱ्यांदा वकिलातीच्या खिडकीतल्या साहेबांनी अर्ज परत केला. एवढ्या वेळा जातंय ते माणूस पाहुणं कसलं, असं त्यांचं म्हणणं. ते काही चूक नव्हतं.

म्हणून कवळीवाला शेवटी व्हिसाचा सल्ला देणाऱ्या बाईंकडे गेला. कपडे धुऊन देणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. खालची वाफ वर यायची आणि फायली दमट असायच्या. बाईंना बारमाही सर्दी. त्यांनी नाक पुसत रस्ते सांगितले. लग्न करा, बायको म्हणून आणा, सगळ्यात सोपं. लग्न नको असेल तर जोडीदाराचा व्हिसा आहे, पण दोन वर्षं एकत्र संसार केल्याचे पुरावे लागतात. तेही नसेल तर नोकरीवर आणा. "आणि ह्यातलं काहीच नसेल," बाई म्हणाल्या, "तर फोनवर बोलत राहा. त्याला व्हिसा लागत नाही."

मास्तरणीशी बोलायची वेळ म्हणजे त्याची जेवणाची सुट्टी. तेव्हा तिकडे सकाळ असायची आणि ती टिचकीची वेणी घालत असायची. त्यानं लग्नाचं काढलं. मास्तरणीचं एक लग्न आधी झालेलं होतं, आणि त्यातून बाहेर पडायला तिला चार वर्षं कोर्टात बसावं लागलं होतं. तिनं दातात धरलेली पिन काढली आणि शांतपणे सांगितलं, की तुझ्यासाठी मी देश सोडीन, नोकरी सोडीन, तुझ्या आईचं ऐकूनही घेईन, पण लग्नाच्या त्या वहीत पुन्हा सही करणार नाही. मग पिन वेणीत खोचून म्हणाली, "दुसरा रस्ता काय आहे?"

आईला हे कळल्यावर तिनं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तिला गोळ्यांची डबी उघडता येईना, तेव्हा मिटला.

दुसऱ्या रस्त्याला पुरावे हवे होते. संसार तर झाला होता, पण त्याचा मागमूस कुठे नव्हता. तिकडची सगळी बिलं घरमालकिणीच्या नावावर. फोटो पुष्कळ होते, पण ते कायम हाच काढायचा, त्यामुळे मास्तरीण एकटी, टिचकी एकटी, आणि कोपऱ्यात कधीमधी त्याचा अंगठा. राहिले फोनवरचे निरोप. बाईंच्या सांगण्यावरून त्यानं साडेचार वर्षांचे निरोप छापून आणले. तीनशे बारा पानं निघाली. बाईंनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. ‘नळाचा वॉशर कुठल्या मापाचा होता?’ ‘तिला ताप नाही, नाटक आहे.’ ‘तुझं तोंड बघायची इच्छा नाही, पण कॅमेरा चालू कर, टिचकीला चित्र दाखवायचंय.’ ‘पाठ कशी आहे?’ ‘आहे.’ असं पानामागून पान. बाईंनी विचारलं, की ह्यात प्रेमाचं असं कुठे काही आहे का. कवळीवाल्यानं बराच वेळ चाळून एक पान काढलं. त्यावर लिहिलं होतं, ‘स्वेटर घाल, मूर्खा.’

अर्ज गेला. चार महिन्यांनी नकार आला. पत्रात लिहिलं होतं, की सादर केलेल्या पत्रव्यवहारावरून उभयतांमधील संबंध मुख्यत्वे घरदुरुस्तीपुरता दिसून येतो. कवळीवाल्याला ते फार लागलं. त्या दिवशी त्यानं एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या कवळीत वरचे दोन दात उलटे बसवले. घरी आईनं पत्र मागून घेतलं, भिंग लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "लिहिणारा हुशार आहे."

नोकरीचा रस्ता अर्ध्या तासात संपला. देशाला कुठल्या कामाची माणसं कमी पडतात, त्याची सरकारी यादी होती. तिच्यात पाण्याखाली वेल्डिंग करणारे होते, पाण्याखाली पूल तपासणारे होते. माणसांना पाण्यावर ठेवणाऱ्यांची देशाला गरज नव्हती.

बाईंनी यादी मिटली, नाक शिंकरलं आणि फाइल बांधता बांधता सहज विचारलं, की तुमचा स्वतःचा जन्म इथलाच ना. तो म्हणाला, ह्याच गावातला. बाईंचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "अहो, मग मुलीला व्हिसा कशाला हवा? बाप इथला म्हणजे ती इथलीच. तिला पासपोर्ट काढा. आणि इथल्या अज्ञान मुलाला आपली आई जवळ ठेवायचा हक्क आहे. तुम्ही बाईसाहेबांना आणूच नका. मुलीला आणू द्या."

कवळीवाल्यानं विचारलं, की मग माझं काय काम. बाई म्हणाल्या, तुमचं काम झालेलं आहे, सहा वर्षांपूर्वी.

पण त्यात एक मेख निघाली. टिचकीच्या जन्मदाखल्यावर बापाचा रकाना कोरा होता. लग्न झालेलं नसेल तर नोंदणीला आईबाप दोघांनी सह्या करायच्या असतात. त्या दिवशी कवळीवाला कसल्याशा कागदाची झेरॉक्स काढायला गेला, तिथे रांग होती, आणि तो परत येईपर्यंत खिडकी बंद झाली. मास्तरीण म्हणाली होती, कोरं राहू दे, मग भरू. ते मग भरायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

आता तो रकाना भरायचा तर बापलेकीच्या थुंकीची डीएनए तपासणी करावी लागणार होती. ठरवून दिलेल्या प्रयोगशाळेत एका मुलीनं कापसाची काडी त्याच्या गालाच्या आत फिरवली. तो म्हणाला, की वीस वर्षं लोकांच्या तोंडांवर पोट भरतोय, पण माझ्या तोंडाची चौकशी आज पहिल्यांदा झाली. मुलीनं त्याला तोंड उघडं ठेवायला सांगितलं. तिकडे टिचकीनं काडीच चावली, म्हणून तिच्यासाठी दुसरी मागवावी लागली.

निकालाला पाच आठवडे लागणार होते. त्या पाच आठवड्यांत कवळीवाल्याचं काहीतरी बिनसलं. जेवणाच्या सुट्टीत तो फोन लावी आणि गप्प बसे. टिचकी पडदाभर तोंड उघडून हलणारा दात दाखवायची. हा बाजूचा सुळा न्याहाळायचा. सुळा थोडा आत वळलेला होता, हुबेहूब त्याच्यासारखा. तो बघून बरं वाटायचं, आणि फोन ठेवला की हा आरशात स्वतःचा सुळा बघत बसायचा. चौथ्या आठवड्यात मास्तरणीनं मुलीला बाहेर पाठवलं आणि सरळ विचारलं, "तुला शंका येतेय का?"

"नाही."

"मग तोंडात काय धरून बसतोस?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मशीन चुकलं तर," तो म्हणाला. "मशीन म्हणालं माझी नाही, तर मी कुणाकडे जाऊ?"

मास्तरणीनं कंगव्यात अडकलेले केस काढले. मग म्हणाली, "मशीन चुकलं तर मशीनला घरी बोलाव. टिचकीला एकदा अंघोळ घालून दाखवू दे. हा हट्ट दुसऱ्या कुणाच्या घरातला नाही."

तो हसला. त्याच्यामागे डॉक्टर साचा घेऊन उभे होते. ते साचा घेऊनच जिना चढून परत गेले.

मशीन चुकलं नाही. कागदावर नव्व्याण्णव टक्क्यांपुढे एवढे नऊ होते की बाईंनी ते बोट ठेवून मोजले. रकाना भरला गेला, टिचकीचा पासपोर्ट झाला, आणि मग खरा अर्ज भरायला घेतला. अर्जात प्रायोजक म्हणजे टिचकी. प्रायोजकाचा व्यवसाय: पहिली ‘ब’. अर्जदाराचं प्रायोजकाशी नातं: आई. घरातील इतर व्यक्ती ह्या मथळ्याखाली आजी होती आणि तिच्या खाली कवळीवाला. आपलं नाव तिथे बघून त्याला आधी राग आला, मग त्यानं त्यापुढे नीट अक्षरात ‘कवळ्या करतो’ असं लिहिलं.

वकिलातीतल्या मुलाखतीला प्रायोजक हजर लागतो. टिचकी पोहण्याचा चष्मा कपाळावर चढवून गेली, तो काढायला तयार होईना. तिथल्या अधिकारी बाईंनी तिला विचारलं, की तुला आई तिकडे का हवी आहे. टिचकीनं विचार केला आणि सांगितलं, "बाबाला वेणी येत नाही." अधिकारी बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. सात आठवड्यांनी व्हिसा लागला.

विमानतळावर वेगळाच गोंधळ झाला. देशाच्या नागरिकांची रांग छोटी, परक्यांची लांबच लांब. टिचकी नागरिक, मास्तरीण परकी. शिपायानं मुलीला छोट्या रांगेत जायला सांगितलं, तर ती आईचा हात सोडेना. शिपाई म्हणाला, की निदान ही लहान मुलगी कुणाबरोबर आहे ते तरी सांगा. टिचकी म्हणाली, "मी कुणाबरोबर नाही. ही माझ्याबरोबर आहे." पासपोर्ट उघडून बघितल्यावर शिपायालाही ते मान्य करावं लागलं, आणि त्यानं दोघींना छोट्या रांगेतून काढलं.

बाहेर कवळीवाला सकाळपासून उभा होता. तब्बल पाच वर्षं मनात जुळवलेलं बरंच काही बोलायचं होतं. मास्तरीण ढकलगाडी घेऊन समोर आली, तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि स्वेटर कुठे आहे ते विचारलं. तो बोलायला गेला तर हुंदकाच आला. टिचकीनं त्याच्या चष्म्यावर टिचकी मारून बघितली, भुकटी उडाली.

आता चौघं आईच्या तीन खोल्यांत राहतात. भांडणं समोरासमोर होतात, त्यामुळे छापायला काही उरत नाही. मास्तरणीला शाळेच्या तलावावर काम मिळालं, आणि मंगळवारी-शुक्रवारी ती आईला पाण्यात उतरवते. जमिनीवर काठीशिवाय न हलणारी आई पाण्यात चालते, आणि चालता चालता लग्नाचा विषय काढते. मास्तरीण तिची हनुवटी वर धरते आणि श्वास सोडायला सांगते.

व्हिसाचं दरवर्षी नूतनीकरण असतं, आणि प्रायोजकाला लिहिता येत असेल तर सही त्यानं स्वतः करायची असते. ह्या वर्षी टिचकी दुसरीत गेली. तिनं अर्ज पुढे ओढला, बोट फिरवत सगळा वाचून काढला आणि पेन खाली ठेवून म्हणाली, की रविवारी केस धुवायचे नसतील तर सही करते. मास्तरणीनं मदतीसाठी कवळीवाल्याकडे बघितलं. तो म्हणाला, की मी घरातली इतर व्यक्ती आहे, मला विचारू नका. शेवटी एकाआड एक रविवारवर मिटलं, आणि टिचकीनं जीभ बाहेर काढून, चौकटीच्या बाहेर जाईल एवढ्या मोठ्या अक्षरात सही केली.