तानुबाईनं सेलूला ठेवलेली सून

तानुबाई सुईण कुणालाच मोठं मानत नसे. सेलूजवळच्या त्या गावातले निम्मे पटकेवाले तिनं नागडे, रडताना पाहिले होते. त्यातही माणिकराव पाटलाच्या घराचा तिला खास तिटकारा.

पाटलाची सून बायना तीनदा सातव्या महिन्यातच बाळंत झाली आणि एकाही लेकरानं दुसरा दिवस पाहिला नाही. घरानं तिला कच्च्या कुशीची ठरवलं, पण पोट पुढं आलं तरी कापूस वेचायला धाडायचं काही सोडलं नाही. नवरा दिनकर बाप खोकला तरी मान डोलवायचा. पाटील त्याच्यासाठी दुसरी बायको शोधायला लागला.

अठ्ठावन्न साली बायनाला पुन्हा दिवस गेले. सेलूच्या डॉक्टरीणबाई अशा बायांना नव्या सुया देतात, हे तानुबाईच्या कानावर आलं. सुयांवर तिचा भरवसा नव्हता. पण आपल्या काढ्यांवरचाही उडाला होता. बायनाची तिन्ही लेकरं तिनंच पुरली होती. ती पाटलाच्या ओसरीवर जाऊन बसली.

"पाटील, म्हैस गाभडली की ढोराच्या दवाखान्यात नेता. सुनेला मातर सवत आणायलाव."

चार माणसांदेखत पाटलाला नाही म्हणता आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गर्भ धरून ठेवणारं द्रव्य बाईच्या अंगातच तयार होतं, त्याला हार्मोन म्हणतात. ते कमी पडत असेल तर सुईनं द्यायचं. खात्री मात्र देता येत नाही. मला ठाऊक नाही असं म्हणणारं माणूस तानुबाईला पहिल्यांदाच भेटलं. गाडीचे हिसके नकोत म्हणून तिनं बायनाला सेलूत आपल्या बहिणीकडं, कडूबाईकडं ठेवलं. दर आठवड्याला ते तेलकट औषध कमरेत जायचं, गाठी यायच्या. बायना कुशीवर पडून राहायची. सासू धुरपताबाई एकदाच आली, तीही वेचणीला माणूस कमी पडतंय हे सांगायला.

सातवा सरला, आठवा सरला. नऊ महिने भरून मुलगी झाली, चांगली रडकी. सुयांनी तगली की पडून राहिल्यानं, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना. पाटलानं श्रेय आपल्या नवसाला दिलं.

"एवढ्या सुया टोचून पोरगीच?" नात बघायला आलेली धुरपताबाई म्हणाली.

धुरपताबाईनं बाळंतिणीसाठी आणलेलं लुगडं तानुबाईनं परत तिच्याच मांडीवर टाकलं. "तुमीबी पोरगीच हुत्या. तवा कुणी सुयासुदिक टोचल्या न्हाईत, म्हणून आशा निपजल्या."

बायना पाच महिने सासरी गेली नाही. दिनकर दर बाजाराला सेलूला यायचा, कडूबाईच्या उंबऱ्यात बसून लेकीला मांडीवर घ्यायचा. तानुबाई तिथं असली तरी त्याला पाणीसुद्धा विचारायची नाही.