सहाव्या सॉकेटवरचा दिवा

ठाण्याला कोपरीतल्या त्या घरात मी कामाला आले, तेव्हा काकांनी मला पहिल्याच दिवशी टेबलाखाली वाकायला लावलं. आजारी बाईला सांभाळायचं म्हणून मी यवतमाळकडून इतक्या लांब आलेले, आणि हा म्हातारा मला वायरी दाखवतोय.

"नीट बघून ठेव. झाडताना हात लागेल तुझा. हा बोर्ड मी बनवलाय. या पहिल्या सॉकेटवर कॉम्प्युटर. त्याने वीज खायला सुरुवात केली की बोर्डाला कळतं. मग तो बाकीच्यांना वाढतो. स्क्रीन, प्रिंटर, स्कॅनर, स्पीकर. याचं जेवण संपलं की सगळ्यांची ताटं उचलली. वेगवेगळी बटणं दाबत बसायला नको."

मी म्हटलं, "आमच्या गावाकडे असंच आहे काका. घरातला मोठा पाटावर बसल्याशिवाय कुणाला वाढत नाहीत."

आतल्या खोलीतून कसलासा आवाज आला. मी घाबरले. काका म्हणाले, "घाबरू नकोस, तुझी काकू हसतेय. तिला पटलं तुझं."

त्याच रात्री मी माझा मोबाईल त्या बोर्डावर चार्जिंगला लावला. सकाळी बघते तर फोन मेलेला. कॉम्प्युटर बंद, तर बोर्ड मला कशाला वाढेल? दुपारी फोन सुरू झाला तेव्हा आई तिकडून ओरडली, "काय करून रायली वं तू? जीव टांगनीला लागला न आमचा!" काका हे ऐकून इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण संध्याकाळी त्यांनी माझ्या अंथरुणापाशी वेगळा पॉइंट काढून दिला. मी सातवीत शाळा सोडलेली मुलगी. माझ्यासाठी कुणी भिंतीला ड्रिल मारलं, असं तोवर झालं नव्हतं.

काकूंची उजवी बाजू गेलेली. बोलणंही गेलं होतं, त्यातले थोडे शब्द परत आलेले. हो, नको, चहा. काकांना अहो. आणि मी आल्यावर मला अगं. एवढ्यावर त्या सगळा संसार चालवायच्या. काका बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसले की त्यांना करमायचं नाही. डाव्या हातात स्टीलची वाटी असायची, ती पलंगाच्या दांडीवर वाजवायच्या. टण टण टण. काका धावत जायचे.

"काय गं?"

काही नाही. आहेत ना, एवढंच बघायचं असायचं.

काका काही मोठं काम करत नव्हते. बिल्डिंगच्या नोटिसा काढायचे, पाणी येणार नाही, टाकी धुणार आहेत. शेजारच्यांची पत्रं टाइप करून द्यायचे. आणि घरातले जुने फोटो एकेक करून स्कॅन करायचे. पण दर पाच मिनिटांनी वाटी वाजली की माणूस काय करणार? एक दिवस टेंभी नाक्याकडे कुठेतरी गेले आणि वायर, होल्डर आणि एक छोटा हिरवा बल्ब घेऊन आले. बोर्डावर एक सॉकेट रिकामं होतं, सहावं. तिथून भिंतीच्या कडेकडेने वायर नेली, दाराच्या चौकटीत बारीक भोक पाडून आत घेतली आणि काकूंच्या उशाशी बल्ब लावला.

"हे बघ," काकूंना म्हणाले, "हा पेटला म्हणजे मी बसलोय. उगाच वाटी बडवायची नाही. आणि हा विझला म्हणजे मी उठलो. तुझ्याकडेच येतोय चहा घेऊन. कळलं?"

"हो," काकू म्हणाल्या.

"प्रिंटर, स्कॅनर, स्पीकर आणि बायको," काका मला म्हणाले. "सगळे एका बटणावर. आधी सुचलं असतं तर चाळीस वर्षं सुखात गेली असती."

"नको," काकू म्हणाल्या आणि अर्ध्या तोंडाने हसल्या.

पहिले काही दिवस फजितीच झाली. काका फोटो बघत नुसते बसले की कॉम्प्युटर आपोआप झोपायचा, तिकडे बल्ब विझायचा, काकू दाराकडे बघायच्या आणि चहा काही यायचा नाही. मग वाटी! काकांनी कॉम्प्युटरची ती झोपच काढून टाकली. एकदा तर बल्ब विझला आणि काका काकूंकडे न जाता दारात आलेल्या कोळणीकडे गेले, बोंबील निवडत बसले. आतून वाटी सुरू. कोळीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अवो काका, बोंबील कुठं पलत नाय. बायको बोलावते ती ऐका पयली." त्या दिवसापासून नियमच झाला. बल्ब विझला की आधी काकू, मग सगळं जग.

मला तो बल्ब लागण्यापेक्षा विझणं आवडायचं. हिरवा उजेड गेला की काकू मान वळवायच्या, डाव्या हाताने केस सारखे करायच्या. तेवढ्यात दारात काका, दोन कप घेऊन. रोजचं. चाळीस वर्षांनंतरही कुणी येणार म्हणून कुणी केस सारखे करतं, हे मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

काका गेले त्या दिवशी बल्ब चालू होता.

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. वाटी वाजली. बल्ब चालू असताना वाटी? मी आत डोकावले. काकूंनी बोटाने बल्ब दाखवला, मग दार, मग म्हणाल्या, "चहा." खरंच चहाची वेळ टळून गेली होती. मी तिथूनच हाक मारली, "काका, काकू बोलावतायत!" मग बाहेर गेले. ते खुर्चीत मागे टेकून बसले होते. चष्मा कीबोर्डवर. प्रिंटरच्या तोंडाशी टाकी धुण्याची नोटीस छापून पडलेली. हात धरला तर गार.

किती वेळ झाला होता कोण जाणे. तेवढा सगळा वेळ तो बल्ब काकूंना सांगत होता, मी आहे, मी बसलोय.

मी शेजाऱ्यांना बोलावलं. माणसं जमली, खुर्ची सरकवायला लागली, पायात वायरी येत होत्या, म्हणून कुणीतरी भिंतीतला प्लग ओढून काढला. मी ओरडले, "थांबा, थांबा!" पण काढला. मी आत पळाले. काकूंनी मान वळवली होती. केस सारखे करत होत्या. आणि दारातून शेजारच्या वहिनी आत आल्या, तोंडाला पदर लावून.

काकू रडल्या नाहीत. त्यांच्या मुलाने सांगितलं, तो डोंबिवलीला राहतो. हात धरून सांगितलं, "आई, बाबा गेले." त्या हो म्हणाल्या. पुढे सगळ्यालाच हो म्हणायच्या, पण घास तोंडात घ्यायच्या नाहीत. नजर दारावर. डॉक्टर म्हणाले, त्यांना बहुतेक नीट समजलेलं नाही. तेराव्यानंतर मुलगा परत गेला, दर रविवारी यायचा. मधले दिवस आम्ही दोघीच. मला भीती वाटायची. ह्या माझ्या हातांत गेल्या तर?

मग एका सकाळी मी टेबलाखाली वाकले, प्लग लावला आणि कॉम्प्युटरचं बटण दाबलं. आत जाऊन बघते तर उशाशी हिरवा उजेड आणि काकू त्याच्याकडे बघतायत. मी पेजेचा चमचा पुढे केला. त्यांनी तोंड उघडलं.

मला रडू आलं. देवाचे आभार मानले, काकांचे मानले. संध्याकाळी मात्र बटणाशी हात नेला आणि तसाच मागे घेतला. बंद केलं की काकू मान वळवणार, केस सारखे करणार. दारातून कोण येणार होतं? तेव्हापासून कॉम्प्युटर बंदच केला नाही. दिवसरात्र चालू. प्रिंटरचा दिवा चालू, स्पीकर घुमतायत, रिकाम्या खुर्चीसमोर स्क्रीन उजळलेली. मी त्या खोलीतून जाताना पाय न वाजवता जायचे, कुणीतरी काम करत बसलंय अशी.

रविवारी मुलाने पाहिलं. "हे का चालू आहे?"

"काकू जेवतात त्याने."

त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. रागावला असता तर बरं झालं असतं. "अगं, पण मग तिला वाटत राहणार ना, बाबा इथे बसलेत म्हणून. असं किती दिवस? पुढच्या रविवारी टेम्पो येतोय. आईला आमच्याकडे नेतोय, तूही चल, तुझ्याशिवाय जमणार नाही. पण हा डबा काही येणार नाही तिकडे. त्याआधी हळूहळू सवय मोड तिची."

तूही चल म्हणाला, मला केवढा आधार वाटला. पण सवय मोडायची म्हणजे एकदा तो दिवा विझवायचा, आणि तो मीच. सोमवार गेला, मंगळवार गेला. रोज हात बटणाशी जायचा.

शेवटी वीजच गेली. भर दुपारी. पंखा थांबला, बल्ब विझला. काकूंनी दाराकडे पाहिलं नाही. वीज गेल्याचं त्यांना कळायचं, पूर्वीही कळायचं. मी पुठ्ठ्याने वारा घालत बसले. थोड्या वेळाने पंखा फिरायला लागला. बल्ब लागला नाही. तो आपोआप लागत नाही, कुणालातरी जाऊन कॉम्प्युटरचं बटण दाबावं लागतं. पूर्वी काका ओरडायचे, "आलो, आलो, लावतो!"

काकू बल्बकडे बघत होत्या. मी म्हटलं, "पाणी आणते हं," आणि बाहेर सटकले. खुर्चीपाशी पोचले, बटणावर बोट ठेवलं, तोच आतून हाक आली.

"अगं."

अहो नाही. अगं.

कॉम्प्युटरपाशी बसलेल्याला त्या खोलीतून एकच हाक असायची, अहो. आणि मग माझ्या लक्षात आलं, दिवसरात्र बल्ब चालू होता त्या सगळ्या दिवसांत काकूंनी एकदाही अहो म्हटलं नव्हतं. वाटीसुद्धा वाजवली नव्हती. कोण बसलंय तिथे, हे पहिल्या सकाळपासून त्यांना ठाऊक होतं. माझ्या हातची पेज त्या खात होत्या ती मला बरं वाटावं म्हणून.

मी पलंगापाशी जाऊन उभी राहिले. "लावू का काकू?"

"नको."

मग त्यांनी माझ्याकडून नजर काढली, माझ्या मागच्या दाराकडे बघितलं, खूप वेळ. डावा हात केसांपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. आणि त्या रडल्या. काका गेल्यापासून पहिल्यांदा. शब्द पाच असले तरी रडणं पूर्ण होतं, त्यातलं काही गेलेलं नव्हतं. मी पलंगावर बसून त्यांचं डोकं धरून ठेवलं. दुसरं काय करणार?

पुष्कळ वेळाने त्या म्हणाल्या, "चहा."

मी दोन कप केले. कॉम्प्युटरच्या खोलीतून जाताना स्क्रीन काळी होती. दारात आले तेव्हा काकू दाराकडेच बघत होत्या. मी आत गेले तरी बघतच राहिल्या.