धुतलेले सापळे

आमची आत्ती आधी चिडायची आणि मग कशासाठी ते सांगायची. कसबा बावड्यात, नव्या इमारतींना लागून तिचं वांग्याचं रान होतं. तिथं काठ्यांना तिनं कामगंध सापळे टांगलेले. आत मादी पतंगाच्या वासाची गोळी. त्या वासानं नर येऊन अडकायचे. वांगी पोखरणारी अळी याच पतंगांची. सापळ्यात पतंग वाढले, की आत्ती औषध मारायची. त्याआधी कुणी पंपाला हात लावला तर त्याची धडगत नसे.

एकदा मी शिवाजी पेठेतून अत्तर लावून गेलो. तिनं बांधावरच अडवलं. "लांब थांब. सगळे नरच हाईत त्यात. वासाच्या मागं येत्यात आन् मरत्यात. तुला येगळं काय सांगायचं?" बायको शेजारीच होती. हे वाक्य ती अजून आल्यागेल्याला ऐकवते.

मग आत्तीच्या नातीला बघायला पावणे यायचे ठरले. आत्तीच्या मुलाला, म्हणजे आमच्या दादाला, मेलेल्या पतंगांची लाज वाटली. त्यानं सापळे साबणानं धुतले, आतल्या गोळ्यासुद्धा घासल्या आणि सगळं चकचकीत करून परत टांगलं. आत्ती रोज रिकामे सापळे बघून खूश. "आवंदा पतंगच न्हाईत," असं गल्लीभर सांगत सुटली. पुढं शेंड्यांनी माना टाकल्या आणि चिरलेल्या वांग्यात अळी वळवळली.

जेवताना दादानं कबूल केलं. "घाण दिसत हुती, आई."

आत्तीनं ताट सारलं. "त्ये माझं डोळं हुतं. तूच फोडलंस."

माझा काही संबंध नव्हता, तरी मीही माफी मागून टाकली.

"आता औषध मारू. बरी वांगी निवडून इकू," दादा म्हणाला.

"सकाळी औषध आन् सांजच्याला लोकांच्या ताटात? आधी तुझ्या पावण्यांना वाढ जा."

दुसऱ्या दिवशी तिनं सगळं रान स्वतः उपटलं. शिव्या देत, कुणाला हात लावू न देता. पुढच्या लागवडीपासून दादाला काम लागलं: रोज सकाळी सापळ्यात बघायचं आणि दारात बसलेल्या आत्तीला ओरडून सांगायचं. "मोठ्यानं वरड," एवढंच ती म्हणायची. कौतुक कधी नाही.

आत्ती गेली. परवा रानात गेलो, तर दादा सापळ्यात डोकावला आणि घराकडं तोंड करून ओरडला, "आज वाढल्यात गं, आई."

दार बंद होतं. दादा माझ्यावर खेकसला, "बघतोस काय? पंप आण की."