मामाजींचं मुरलेलं सागवान

माझ्या नवऱ्याच्या मामांइतका लाकडावर संशय घेणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात नाही, आणि लाकडावर इतका जीव टाकणाराही नाही. परतवाड्याच्या एका आरागिरणीत त्यांची उभी हयात गेली. त्यामुळे कुठल्याही घरात शिरले की माणसांना नमस्कार नंतर. आधी दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेराने टकटक. अकोल्याला माझ्या भाचीच्या लग्नात आम्ही तिला दिलेला सागवानी दिवाण त्यांनी भर मांडवात उलटा केला, नखाने खरवडला आणि व्याह्यांसमोर जाहीर केलं, "सुबाभूळ हाये. पॉलिश मात्र ब्येस हाये." तो दिवाण अजून शाबूत आहे. व्याही मात्र अजून आमच्याशी जपून बोलतात.

तिवशाजवळच्या आमच्या शेतात मी सात बकऱ्या पाळल्या आहेत. मागच्या हिवाळ्यात उघड्यावर जन्मलेली दोन पिल्लं गारठ्याने गेली. यंदा तीन बकऱ्या गाभण होत्या आणि त्या विण्याआधी पक्का गोठा उभा करायचाच, असं मी ठरवलं. बाभळीचे खांब आणले, बांबू आणले आणि चूक केली ती एकच. मामाजींना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या गाडीने हजर. आल्या आल्या सगळे बांबू त्यांनी आमच्या हौदात बुडवून वर दगड ठेवले. "तीन आठवडे राहू दे. आतली साखर निघून जाईन. साखरच नाई तं किडा येईन कायले?" पाण्याला असा वास सुटला की बकऱ्या हौदाकडे फिरकेनात, मला वेगळी टाकी भरावी लागली. गड्याने खांबांना जळकं इंजिन ऑइल फासायला घेतलं, तर मामाजींनी डबाच हिसकावला. "बकरी दिवसभर खांब चाटते. पहिले तू चाटून पाह्य!" जमिनीत जाणारं टोक तेवढं जाळून त्यावर डांबर आणि वर बकरीचं तोंड पोचेल तिथे फक्त जवसाचं तेल, हा त्यांचा नियम. इथवर मला पटलं. पण हे सगळं लाकूड वाळल्यावर. ओल्या लाकडावर डांबर लावलं की ते आतून सडतं म्हणे.

आणि वाळलं की नाही हे ठरवणार कोण? खांब सावलीत आडवे-उभे रचून त्यांनी एक तुकडा कापून ठेवला. दर रविवारी परतवाड्याहून यायचे, तो तुकडा माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचे, मान हलवायचे आणि वरण-भात जेवून परत जायचे. वजन उतरतंय तोवर लाकूड ओलं. असा दीड महिना गेला, दिवाळी उलटली. एका बकरीची कास भरायला लागली.

"मामाजी, ही पंधरा दिवसांत विणार."

"लाकूड नाई वाळलं अजून. काहून घाई करून राहिली, सूनबाई?"

"बकरी काही तुमच्या काट्याकडे पाहून थांबणार नाही. उद्या गडी येतात. ओले तर ओले, खांब गाडणार म्हणजे गाडणार."

"गाड मंग. दोन पावसाळ्यांत पडन गोठा, बकऱ्याईच्या अंगावर."

त्या दिवशी ते न जेवता गेले. मीही थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गड्यांनी दोनच खड्डे खोदले होते, तेवढ्यात बांधावर टेम्पो येऊन उभा राहिला. ड्रायव्हरशेजारी मामाजी आणि मागे सागवानाचे खांब, फळ्या. मी ते लाकूड ओळखलं. बारा वर्षं ते त्यांच्या ओसरीत रचलेलं होतं, दोन मुलांसाठी वर माडी बांधायची म्हणून. "अजून मुरू दे, अजून मुरू दे" करता करता मुलं पुण्याला गेली, तिथेच फ्लॅट घेऊन बसली.

"मामाजी, हे माडीचं ना?"

"लाकडाले थांबता येते, बकरीले नाई. पाहत काय राहिली? धर ते टोक."

मी धरलं. चार दिवसांत गोठा उभा राहिला. जमिनीपासून दीड हात उंच फळ्यांची जमीन, दोन फळ्यांत करंगळीएवढी फट. लेंड्या खाली पडाव्यात पण पिल्लाचा खूर अडकू नये. हौदातले बांबू छपराला लागले. नवव्या दिवशी दुपारी बकरी व्याली. बाहेर बोचरा वारा होता, आत कोरड्या सागवानावर दोन पाठी, दोन्ही मादी पिल्लं, लटपटत उभ्या राहिल्या. दोन्ही जगल्या. मागून व्यालेल्या दोघींचीही सगळी पिल्लं जगली. मी फोन करून सांगितलं, तेव्हा मामाजी एवढंच म्हणाले, "बरं झालं."

संक्रांतीला मी परतवाड्याला गेले. त्यांची ओसरी एवढी ऐसपैस आहे, हे मला पहिल्यांदाच दिसलं. लाकूड होतं तेवढ्या जागी भिंतीचा रंग कोरा करकरीत राहिला होता. तिथे त्यांनी दोन खाटा टाकल्या होत्या, वर धुतलेल्या चादरी. कुणी झोपल्याची खूण मात्र नव्हती.

"पोरं आली होती का?" मी विचारलं.

त्यांनी एका चादरीची आधीच सरळ असलेली कड पुन्हा सरळ केली. "जागा झाली आता," ते म्हणाले. "तूच राह्य एखादा दिवस."

मला चारच्या गाडीने परतायचं होतं. बकऱ्या होत्या, पिल्लं होती, हजार कामं होती. मी नवऱ्याला फोन लावला, पिल्लांना रात्री आत घ्यायचं आणि दाराला कडी लावायची एवढं बजावलं आणि पिशवी खाटेवर ठेवली.